स्वस्तातली जुनी छोटी डिझेल गाडी बघायला जाताय? मग या क्रमाने बघा

दोन-तीन लाखांत जुनी स्विफ्ट, रिट्झ, फिगो, विस्टा असली डिझेल गाडी घेणारे बहुतेक लोक सगळं काही बघतात, पण उलट्या क्रमाने बघतात. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जातात, गाडी धुऊन पुसून गरम करून ठेवलेली असते, एसी लावून एक चक्कर मारतात, पिकअप आवडतो, विसार देऊन टाकतात आणि मग कागद मागतात, आणि मेकॅनिकला दाखवायचं ते सगळ्यात शेवटी. तोवर पैसे अडकलेले असतात आणि मनही अडकलेलं असतं, मग मेकॅनिकने काही सांगितलं तरी "होईल हो, करून घेऊ" असं होतं. पेट्रोल गाडीत हे कदाचित खपून जातं, डिझेलमध्ये नाही, कारण इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो आणि क्लच यातलं एक जरी काढावं लागलं तरी स्वस्तात घेतल्याचा फायदा गेला.

१. आधी घरी बसून हिशोब

डिझेल पाहिजे का हे गाडी बघायच्या आधी ठरवा. समजा पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये, छोटी पेट्रोल गाडी १५ चं अ‍ॅव्हरेज देते आणि डिझेल २० चं. महिन्याला १,००० किलोमीटर फिरलात तर पेट्रोलला साधारण ६,९०० आणि डिझेलला ४,५०० लागतात, म्हणजे २,४०० वाचले. तेच महिन्याला ४०० किलोमीटर असेल तर हजारही वाचत नाहीत, आणि वर्षभरात वाचलेले अकरा-बारा हजार एका क्लचच्या कामातच जातात. तुमच्या गावातला आजचा भाव टाकून हे गणित परत करा.

दुसरं म्हणजे रोजचा प्रवास कसा आहे ते बघा. घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई, दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद, असा वापर असेल तर इंजिन कधी नीट गरमच होत नाही, ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी साचते, गाडी झटके द्यायला लागते. अशा वापराला डिझेल घेऊच नका, जुनी पेट्रोल घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही.

बजेटमधले सगळे पैसे गाडीत घालू नका. साधारण १५ ते २० टक्के बाजूला ठेवा, पहिल्या महिन्यात ते लागतातच.

२. कुठलं इंजिन ते समजून घ्या

या बजेटमध्ये सगळ्यात जास्त दिसतं ते फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट. मारुतीच्या डीडीआयएस स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये तेच, टाटा विस्टाच्या क्वाड्राजेटमध्ये तेच आणि फियाट पुंटोमध्येही तेच. त्यामुळे गावोगावी त्याची माहिती असलेला मेकॅनिक सापडतो आणि पार्टही मिळतात. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या तरी रस्त्यावर इतक्या आहेत की काळजी नाही. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जुनी डिझेल घेणाऱ्याने इथून सुरुवात करावी, भाव थोडा जास्त असला तरी.

फोर्ड फिगोचं जुनं १.४ टीडीसीआय चालवायला छान आणि अ‍ॅव्हरेजलाही चांगलं, पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तेव्हा घ्यायच्या आधी तुमच्या शहरात पार्ट कुठे मिळतात ते विचारा. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री थांबवली म्हणून बीट डिझेल कमी पैशात दिसते, आणि ती कमी पैशात का दिसते हे लक्षात ठेवूनच बघा.

महत्त्वाचा फरक टायमिंगचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ कशाने ठेवलाय त्याचा. मल्टीजेटला चेन आहे, फिगो १.४, निसान मायक्रा डिझेल आणि फोक्सवॅगन पोलो टीडीआय यांना बेल्ट आहे. बेल्ट कधी बदलला त्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून भाव करा, कारण तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावंच लागतं. चेन आहे म्हणजे निर्धास्त असंही नाही, ऑइल वेळेवर बदललेलं नसेल तर चेन सैल होऊन खडखडते.

३. कागद फोनवरच, जायच्या आधी

गाडीचा नंबर आणि आरसीचा फोटो मागा. द्यायला कां-कूं करत असेल तर दुसरी गाडी बघा, बाजारात कमी नाहीत. नंबर मिळाला की एमपरिवहन अ‍ॅपवर टाकून हे बघा:

- पहिली नोंदणी कधीची आणि वैधता कधीपर्यंत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. १४ वर्षांची गाडी स्वस्त वाटते ती यामुळेच.
- बोजा आहे का. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवाच. "लोन फिटलंय हो, फक्त नाव काढायचं राहिलंय" हे वाक्य खरं असेलही, पण काढून घ्या म्हणावं, मग बोलू.
- कितवा मालक. "सिंगल हॅन्ड, डॉक्टरांची गाडी" असं प्रत्येक दुसऱ्या जाहिरातीत असतं, महाराष्ट्रातले सगळे डॉक्टर बहुधा गाड्याच विकत असतात.
- आधी टॅक्सी होती का. टी परमिटची गाडी पांढऱ्या पाटीवर आणलेली असू शकते, तसं असेल तर किलोमीटरचा आकडा विसरून जा.
- विमा आणि पीयूसी चालू आहे का.

मग महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे ४ आकडे टाकून थकलेला दंड बघा. काही गाड्यांवर इतका दंड साठलेला असतो की भावात धरावाच लागतो.

सावधान: दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरून २०१५ पासून आदेश निघत आलेत, त्यामुळे तिकडच्या चकाचक गाड्या अगदी कमी भावात इकडे येतात. पण इकडे पासिंग करताना एनओसी आणि इथला रोड टॅक्स आलाच, आणि महाराष्ट्रात डिझेलला टॅक्सचा दर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. तो सगळा खर्च धरून मगच स्वस्त आहे का ठरवा.

सर्व्हिसचा रेकॉर्डही आत्ताच मागा. डिझेल गाडी १० वर्षांची आणि मीटरवर ४५,००० असेल तर मला आधी शंका येते, कारण फिरायचं नव्हतं तर डिझेल घेतली कशाला? मीटर मागे फिरवणं अवघड काम नाही. बिलांसकट १,२०,००० फिरलेली गाडी बिलं नसलेल्या ४५,००० वालीपेक्षा कधीही बरी.

४. थंड इंजिन, हीच खरी परीक्षा

फोनवर स्पष्ट सांगा, "दादा, मी सकाळी ८ ला येतो, तोवर गाडी चालू करू नका, थंडच ठेवा." आणि सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बोनेटवर हात ठेवायचा, मग बोनेट उघडून इंजिनच्या जवळ हात न्यायचा. कोमट लागलं तर गाडी गरम करून ठेवली आहे. भांडू नका, कारण विचारा, आणि परत येतो म्हणून निघा. डिझेलची जी दुखणी लपवता येतात ती गरम करूनच लपवली जातात.

चालू करायच्या आधी:

डिपस्टिक काढा. ऑइल काळं असेल तर घाबरू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसात काळं होतं. उलट सोनेरी ताजं ऑइल दिसलं तर कालच बदललंय का आणि का बदललंय हे विचारा, कधी धूर आणि आवाज दाबायला जाड ऑइल घातलेलं असतं. पातळी वरच्या खुणेच्या पुष्कळ वर आणि ऑइलला डिझेलचा वास म्हणजे इंजेक्टरकडून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय असा संशय, ती गाडी सोडा. दुधाळ, कॉफीसारखं काही दिसलं तर कूलंट मिसळतंय.

कूलंटच्या टाकीत बघा, तेलाचा तवंग आहे का, की गंजाचं तांबूस पाणी भरलंय. नुसतं नळाचं पाणी घालून चालवलेली गाडी असेल तर रेडिएटर आणि वॉटर पंपचा खर्च धरा.

आता चावी फिरवा, पण लगेच सेल्फ मारू नका. हीटरचा पिवळा गुंडाळीसारखा दिवा लागून विझू द्या (दमट गरम हवेत लगेच विझतो, चालतं). त्याबरोबर इंजिनचा, ऑइलचा, एबीएसचा आणि एअरबॅगचा दिवा आधी लागतोय आणि मग विझतोय का बघा. जो दिवा लागतच नाही तो काढून टाकलेला किंवा दाबलेला असू शकतो, हे फार जण बघत नाहीत.

मग सेल्फ. चांगली डिझेल एक-दोन सेकंदात पकडते. बराच वेळ घरघर करून, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पकडली, तर हीटर प्लग, बॅटरी, इंजेक्टर, पंप यातलं काहीतरी आहे. विकणारा म्हणेल "थंडीमुळे". पुण्या-नाशिकच्या थंडीत चांगल्या गाडीला असं होत नाही.

एकाला गाडीच्या मागे उभं करा आणि धुराचा रंग बघायला सांगा:

- काळा: रेस दिल्यावर थोडासा चालतो. भसाभस येत असेल तर एअर फिल्टर, ईजीआर, इंजेक्टर किंवा टर्बोचा फाटलेला होज.
- निळसर: ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंग किंवा टर्बो, दोन्ही महाग. इथे भाव करत बसू नका, निघा.
- पांढरा: थंड सकाळी क्षणभर येऊन गेला तर ठीक. येतच राहिला आणि डोळ्याला झोंबला तर न जळलेलं डिझेल आहे, गोडसर वास असेल तर कूलंट.

गाडी आयडलला असताना कान लावा. डिझेलची टकटक असणारच, पण ती एकसारखी पाहिजे. लंगडी चाल किंवा एकाच बाजूने ठोकल्यासारखा आवाज इंजेक्टरकडे बोट दाखवतो, सुरुवातीला टायमिंगच्या बाजूने खडखड आली तर चेन.

शेवटी ऑइल भरायचं झाकण सैल करून त्यावरच ठेवा. हलकी वाफ सगळ्याच जुन्या डिझेलमध्ये येते. झाकण नाचायला लागलं किंवा धूर फुकफुक करत बाहेर आला तर रिंग गेल्या आहेत, म्हणजे इंजिनकाम.

सावधान: कूलंटचं झाकण फक्त थंड असतानाच उघडा. गरम झाल्यावर उघडून तोंड भाजून घेणारे दर वर्षी असतात.

५. इंजिन गरम होईपर्यंत बॉडी

गाडी चालूच ठेवा आणि बाहेर फिरा. उजेडातच बघा, पावसात किंवा पाणी मारलेली गाडी बघू नका, ओल्या पत्र्यावर रंगाचा फरक कळत नाही. दरवाजे, बोनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूला सारख्या आहेत का, बोनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला आहे का (म्हणजे पाना लागलाय), फ्रीजवर लावतो तसला लोहचुंबक पत्र्यावर चिकटतो का. पुट्टी जाड भरलेली असेल तिथे तो पडतो. बंपर आणि फेंडर बदललेले असतील तर मला फारसं काही वाटत नाही, आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये ते होतंच, पण पिलर, छप्पर आणि पुढच्या एप्रनला (बोनेटखालचा आतला पत्रा) वेल्डिंग केलेलं दिसलं तर तिथेच थांबा.

चेसिस नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचा आणि आरसीशी जुळवा. एकेक अक्षर जुळवायचं, "हो हो तोच आहे" नाही.

टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी ७-८ वर्षांचे टायर बदलायचेच, चार टायरचे पैसे भावात धरा. टायर एकाच कडेने झिजलेला असेल तर सस्पेन्शन किंवा अलाइनमेंटचं काम आहे.

पुराची गाडी ओळखायला वेगळा वेळ द्या. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण, महाड बुडालं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात होत्या, आणि मुंबईत तर हे अधूनमधून चालूच असतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, टोकाला चिखलाची रेघ किंवा वेगळा रंग दिसतो. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, कारपेट उचलल्यावर वाळू, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात गाळ, आणि भरपूर परफ्यूम मारलेला. यातलं एक दिसलं तर विचारा, दोन दिसली तर निघा.

कोकणातली, समुद्राजवळची गाडी असेल (एमएच ०८, एमएच ०७ बघून घ्या) तर खाली वाकून दरवाजाखालचा पट्टा आणि चाकांच्या आतल्या कडा बोटाने दाबून बघा. वरून रंग आणि आतून पत्रा खाल्लेला, असं तिकडे खूप असतं.

६. स्वतः चालवा, आणि गाणी बंद

म्युझिक बंद, सुरुवातीला एसी बंद, काचा खाली. विकणारा शेजारी बसून बोलत राहतो, त्याला नम्रपणे म्हणा की काका, जरा आवाज ऐकू द्या. कमीत कमी अर्धा तास चालवा, त्यात खड्ड्यांचा रस्ता, मोकळा रस्ता आणि एक चढ पाहिजेच.

क्लच: चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएमचा काटा पळतो आणि गाडी तशीच, तर क्लच प्लेट संपली. क्लच पेडल फार वर येऊन पकडत असेल तरी तेच.

टर्बो: छोट्या डिझेलमध्ये १,८०० ते २,००० आरपीएमच्या खाली जीव नसतो आणि मग एकदम ढकलल्यासारखी ओढ येते, हे नॉर्मल आहे, पहिल्यांदा डिझेल चालवणाऱ्याला दोष वाटतो. ओढ आलीच नाही, किंवा सायरनसारखी शिट्टी वाढत गेली, तर टर्बो किंवा होज बघायला लागेल.

खड्ड्यात पुढून टकटक आली तर लिंक रॉड, बुश, लोअर आर्म. ही कामं जुन्या गाडीत असणारच, त्यासाठी गाडी सोडू नका, फक्त भाव उतरवा. स्टिअरिंग सोडल्यावर एका बाजूला ओढते का, ब्रेकला थरथरते का. आता एसी लावा आणि जागेवर उभी करून १० मिनिटं चालू ठेवा. फॅन लागायला पाहिजे, टेम्परेचरचा काटा मध्येच राहायला पाहिजे, हवा गार राहायला पाहिजे.

तपासा: आता पूर्ण गरम गाडी बंद करा, १० मिनिटं चहा घ्या, आणि परत चालू करा. सकाळी थंडीत पटकन लागलेली गाडी आता बराच वेळ सेल्फ मागत असेल तर पंप किंवा इंजेक्टर झिजलेत. ही टेस्ट जवळजवळ कोणीच करत नाही, आणि डिझेलमधला सगळ्यात महागडा दोष हीच दाखवते.

७. आता मेकॅनिक, आणि तोही तुमचा

इथपर्यंत गाडी टिकली तरच मेकॅनिकचे पैसे खर्च करा. विकणाऱ्याच्या ओळखीचा फिटर नको, डिझेलवर रोज काम करणारा आणि स्कॅनर असलेला पाहिजे. त्याला तीन गोष्टी सांगा: स्कॅन करून जुने एरर आणि इंजेक्टरचे करेक्शन आकडे बघ, इंजेक्टरची रिटर्न लाइन काढून लीक-बॅक टेस्ट कर, आणि लिफ्टवर घेऊन चेंबर, गिअरबॉक्स, स्टिअरिंग रॅकची गळती बघ. स्कॅनमध्ये एकही एरर नाही पण कालच सगळे पुसलेले दिसतायत, तर का पुसले ते विचारा. गॅरेजला नेऊ देणार नाही म्हणाला तर विषय संपला.

८. भाव, विसार, ट्रान्सफर

कामांची यादी आणि प्रत्येकाचा अंदाजी खर्च कागदावर घेऊन बसा. "गाडीत खूप कामं आहेत" म्हटलं की कोणी ऐकत नाही, टायर इतके, क्लच इतका, बुश इतके म्हटलं की ऐकतो.

विसार छोटा द्या, ऑनलाइन द्या आणि साध्या कागदावर लिहून घ्या की कागदात अडचण निघाली तर परत. पूर्ण पैसे देताना आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात द्या, मेहुण्याच्या नाही. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या त्याच दिवशी, सोबत मालकाच्या ओळखपत्राची प्रत. ट्रान्सफर झाल्याचं विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. डीलर "नाव आम्ही करून देऊ, महिन्याभरात होईल" म्हणत असेल तर थोडे पैसे नाव चढेपर्यंत रोखून ठेवा, एकदा पूर्ण पैसे गेले की फोन उचलायचं बंद होतं.

गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलीय का बघा.

सावधान: विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका. जुन्या मालकाच्या नावावरच राहिला आणि तुम्ही गाडी ठोकलीत तर स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकतो. त्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे प्रीमियममध्ये थोडा फरक भरावा लागेल.

९. पहिल्या आठवड्यात

आधीच्याने काय केलं ते बाजूला ठेवून इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदला. डिझेल फिल्टर सगळ्यात महत्त्वाचा, त्यातून पाणी पुढे गेलं की इंजेक्टर जातात, म्हणून तो स्वस्तातला लोकल घेऊ नका. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. बेल्टवाली गाडी असेल आणि बिल नसेल तर टेन्शनरसकट बेल्ट याच आठवड्यात, लांबचा प्रवास त्यानंतर.

सीट कव्हर आणि टचस्क्रीन नंतर. टाकी फुल करून रीडिंग लिहून ठेवा, परत फुल करताना किती लिटर बसलं ते बघा. दोन-तीन टाक्यांनंतरही शहरात अ‍ॅव्हरेज १२-१३ च्या वर जात नसेल तर ब्रेक धरतायत का, टायरमध्ये हवा आहे का, हे आधी बघा आणि मगच इंजेक्टरवाल्याकडे जा.